पावती असलेला गुन्हा

मा. राज्य उत्पादन शुल्क मंत्री, महाराष्ट्र शासन, यांस,

स. न. वि. वि.

मी तळकोकणात फौजदारी वकिली करतो. आमच्याकडे आंब्याला जसा हंगाम असतो, तसा दारूबंदी कायद्याच्या '65 ई' कलमालाही असतो. नाताळ जवळ आला की गोव्याच्या सीमेवर पथकं वाढतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोर्टाच्या व्हरांड्यात पुण्या-मुंबईची पोरं तोंड पाडून उभी दिसतात. मुरलेले तस्कर त्यांत क्वचितच. त्यांचे वकील आधीच ठरलेले असतात.

असाच एक तेविशीतला मुलगा आला होता. गोव्यात दुकानातून रमच्या दोन बाटल्या घेतलेल्या, तिथे वयाची अट 18. पत्रादेवीची सीमा ओलांडली आणि त्याच बाटल्या आपल्या 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली मुद्देमाल झाल्या. गाडी वडिलांच्या नावावर, तीही जप्त. तो मला पुन्हा पुन्हा दुकानाची पावती दाखवत होता. ती पावती म्हणजेच दारू गोव्याची असल्याचा पुरावा, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आपल्याकडे बिअरला 21 आणि रम-व्हिस्कीला 25 वर्षं लागतात, हे त्याला माहीत नव्हतं. प्यायला परवाना लागतो हेही नव्हतं. (खरं सांगायचं तर 31 डिसेंबरला ग्लास उचलणाऱ्या किती जणांच्या खिशात तो 5 रुपयांचा एक दिवसाचा परवाना असतो, हे आपल्या विभागालाही ठाऊक आहे.) काही जण आजीवन परवाना पुढे करतात. त्याचाही इथे उपयोग नाही, कारण प्रश्न पिण्याचा नसून महाराष्ट्राचा कर न भरलेल्या बाटलीचा असतो. बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, पण सहलीत लेबल वाचतो कोण?

दारू हा घटनेनुसार राज्यांचा विषय, म्हणून कायदे वेगळे असणारच. त्याबद्दल तक्रार नाही. 1960 नंतर गुजरातने तोच मुंबई प्रांताचा कायदा घेऊन पूर्ण दारूबंदी चालवली, आपण त्याच कायद्यावर परवान्यांचं दुकान चालवलं. राज्याची हद्दच कशाला, चंद्रपुरात 2015 ते 2021 बाटली बाळगणं गुन्हा होता, नंतर राहिला नाही. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून आजही आहे. जुगाराचंही तसंच. दिवाळीतल्या पत्त्यांच्या डावावर इथे 1887 च्या कायद्याने धाड पडते, तर तिकडे गोव्यात मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं दिव्यांनी लखलखत असतात.

तक्रार आहे ती कलमाच्या आंधळेपणाबद्दल. ट्रकमध्ये भुशाखाली शेकडो खोकी लपवणारा आणि डिकीत दोन सीलबंद बाटल्या ठेवणारा, दोघांच्या एफआयआरमध्ये तीच कलमं. पहिल्याला ती धंद्यातली जोखीम. दुसऱ्याला मात्र तारखांसाठी वर्षानुवर्षं रात्रीची गाडी पकडून यावं लागतं आणि नोकरीच्या पडताळणीत प्रलंबित गुन्हा दाखवावा लागतो. 2022 साली तर या तस्करीला मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लावण्याची भाषा झाली. टोळ्यांना जरूर लावा, साहेब.

बिहारमध्ये 2016 पासून संपूर्ण दारूबंदी आहे. त्या राज्यानेही 2022 मध्ये दुरुस्ती करून पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला दंड भरून सुटण्याची वाट दिली. आपण तर दारू विकून महसूल मिळवणारं राज्य. स्वतःपुरत्या एक-दोन सीलबंद बाटल्या पहिल्यांदाच सापडल्या, तर बाटल्या जप्त करा, करासह चांगला जबर दंड जागीच घ्या आणि गाडी सोडा.

आणि दुरुस्ती होईपर्यंत एक फलक लावा. नाक्यावर नको, तिथे पोचेपर्यंत गुन्हा घडून गेलेला असतो. गोव्याकडे जाणाऱ्या लेनवर, येणाऱ्याच्या नव्हे, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहा: 'परतताना दारू आणू नका, गाडी जप्त होईल.' शक्य झालं तर यंदाच्या 20 डिसेंबरच्या आत.

आपला,
सिंधुदुर्गातील एक वकील