तारा विकत मिळत नाही

महोदय,

'ताऱ्याला तुमचं नाव द्या' अशा जाहिराती पुन्हा दिसू लागल्या आहेत. माझ्या भाचीलाही वाढदिवसाला तसं प्रमाणपत्र मिळालं. सोनेरी शिक्का, खाली सही, सगळं झोकात. आकाशातली नावं अधिकृतपणे ठरवते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटना, आणि ती नावं विकत नाही.

लघुग्रहाचं बारसं तर लगेच होतच नाही. '२००४ एमएन४' हे एका लघुग्रहाचं तात्पुरतं नाव घ्या. २००४ हे शोधाचं वर्ष, 'एम' म्हणजे जूनचा दुसरा पंधरवडा आणि 'एन४' म्हणजे त्या पंधरवड्यातली ११३वी नोंद. कक्षा पक्की झाल्यावर त्याला ९९९४२ हा कायमचा क्रमांक मिळाला आणि मग 'ॲपोफिस' हे नाव. नाव सुचवायचा मान शोधकाचा, पण ते रोमन लिपीतल्या १६ अक्षरांत बसायला हवं. व्यापारी नाव चालत नाही. राजकारणी आणि सेनानींना तर मृत्यूनंतर १०० वर्षं थांबावं लागतं (ही अट मला फारच आवडते!). एका शोधकाने १९७१ साली सापडलेल्या लघुग्रहाला आपल्या मांजराचं, 'मिस्टर स्पॉक' हे नाव दिलं. त्यावर कुरकुर झाली आणि आता पाळीव प्राण्यांची नावं शक्यतो नकोत, असा संकेत आहे. धूमकेतूला मात्र शोधणाऱ्याचंच नाव.

प्लूटोचं नाव १९३० मध्ये ११ वर्षांच्या व्हेनेशिया बर्नीने सुचवलं, तेही एक पैसा न मोजता. अशा जाहिराती छापायच्याच असतील, तर 'हे नाव अधिकृत नाही' एवढी ओळ ठळक टाइपात खाली घालावी, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका