दारावर पाटी, हात मात्र तसेच

महोदय,

पावसाळा लागला की डेंगी, टायफॉइड आणि जुलाबाच्या रुग्णांनी पुण्यातली रुग्णालये भरून जातात. वॉर्डात जादा खाटा पडतात, दोन खाटांमधून ट्रॉली निघेनाशी होते आणि नेमक्या याच दिवसांत एखाद्या खोलीच्या दारावर ‘आयसोलेशन’ची पाटी लागते. पाटी बहुधा इंग्रजीत असते. नातेवाईक ती पाहून घाईघाईने मास्क चढवतात. मग आत जाऊन खाटेचे रेलिंग धरून उभे राहतात, लॉकरवर डबा ठेवतात, लोंबकळणारी युरिनची पिशवी नीट करतात आणि त्याच हाताने मोबाइल काढून बोलत बोलत बाहेर येतात. ज्या जंतूंसाठी ती पाटी लावलेली असते, ते बाहेर जातात ते याच हातावरून आणि मोबाइलवरून. मास्कचा इथे फारसा उपयोग नसतो. शहरातल्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रणाचे काम करणाऱ्या आम्ही काही परिचारिका एवढ्या एका मुद्द्यावर जरा तपशिलाने लिहीत आहोत.

क्षय, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात. त्यांची खोली, त्यांचे मास्क आणि त्यांचे नियम वेगळे. फ्लूचे वेगळे. इथे ज्याविषयी लिहितो आहोत ते ‘काँटॅक्ट आयसोलेशन’, म्हणजे स्पर्शातून पसरणाऱ्या जंतूंसाठीची खबरदारी. एमआरएसए (मेथिसिलिनसारख्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू), अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिक औषधांनाही दाद न देणारे क्लेबसिएला हे जिवाणू, कँडिडा ऑरिस ही बुरशी, क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिलचे जुलाब, वाहती जखम, खरूज अशी ही यादी आहे. यातले बरेच जंतू कोरड्या रेलिंगवर आणि मॉनिटरच्या बटणावर कित्येक दिवस, काही तर महिनोनमहिने जिवंत राहतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, त्या काळात पेनिसिलिन म्हणजे रामबाण होते. आज याच परिसरातल्या आयसीयूंमधून येणाऱ्या कल्चर रिपोर्टांत, म्हणजे कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे सांगणाऱ्या तपासणीत, औषधांच्या नावांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) अक्षरांची रांग लागलेली दिसते. जिथे औषध उरत नाही, तिथे जंतूला पुढच्या खाटेपर्यंत जाऊ न देणे एवढेच हातात राहते.

सगळ्यात मोठा घोळ हातमोज्यांचा आहे. मोजा घातला की हात स्वच्छच, असे घालणाऱ्याला वाटते. मग त्याच मोज्यांनी ड्रेसिंग होते, फाइल उघडली जाते, कॉम्प्युटरचा माउस हलतो आणि शेजारच्या खाटेचा सलाइनचा वेगही बदलला जातो. मोज्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असू शकतात आणि ते काढताना मनगट हमखास बरबटते. म्हणून मोजे घालण्याआधी हँडरब (हातावर चोळायचे अल्कोहोलचे द्रावण) आणि काढल्यावर पुन्हा हँडरब, यातून कोणालाच सूट नाही. हँडरब तळव्यात खळगा भरेल इतके घ्यायचे. बाटलीचा पंप छोटा असेल तर दोनदा दाबावा लागतो. ते २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळायचे. घाईत अंगठा आणि बोटांची टोके कोरडीच राहतात, आणि रुग्णाला आपण नेमका त्यांनीच सर्वांत जास्त स्पर्श करतो. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. धुतल्यावर बेसिनशेजारी टांगलेल्या सामाईक टॉवेलला हात पुसले तर सगळी मेहनत पाण्यात.

मनगटाबद्दलही बोलायला हवे, मग कोणाला राग आला तरी चालेल. श्रावणात राख्या, त्यानंतर देवळातले गंडे, वर्षभर घड्याळ आणि अंगठ्या. दोऱ्याखाली साबण पोचत नाही, दोरा दिवसभर ओला राहतो आणि मोज्याच्या कडेबाहेर डोकावत रुग्णाच्या अंगाला लागतो. श्रद्धा घरी ठेवा असे कोणी म्हणत नाही, पण ड्यूटीवर कोपरापासून खाली काही नसावे. हा नियम वॉर्डबॉयइतकाच राउंडला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनाही लागू आहे. त्यांच्या अंगठीकडे बोट दाखवायचे धाडस कोणती सिस्टर करणार, हा प्रश्न मात्र खराच.

गाऊन आणि मोजे घालणे सोपे असते, चुका काढताना होतात. आधी मोजे काढायचे. एका मोज्याची तळव्याकडची बाजू बाहेरून चिमटीत धरून तो उलटा करत ओढायचा आणि मोजा असलेल्या दुसऱ्या मुठीत धरायचा. मग मोकळ्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या कडेखाली, त्वचेच्या बाजूने सरकवून तो पहिल्यावर उलटा करायचा. दोन्हींची मिळून एक गुंडाळी होते. हात हँडरबने चोळायचे. त्यानंतर गाऊनचे मानेमागचे व कमरेचे बंद सोडायचे, खांद्यापाशी आतून हात घालून तो पुढे ओढायचा आणि आतली बाजू बाहेर येईल असा अंगापासून लांब धरून गुंडाळायचा. झटकायचा नाही. मोजे लाल पिशवीत, एकदाच वापरायचा गाऊन पिवळ्या पिशवीत, आणि हात पुन्हा एकदा स्वच्छ. हे सगळे दाराच्या आत व्हायला हवे. प्रत्यक्षात पायाने उघडणाऱ्या कचरापेट्या बाहेर कॉरिडॉरमध्ये असतात, म्हणून माणूस बरबटलेल्या गाऊनसह बाहेर येतो आणि त्याच हाताने दाराची कडी लावतो. पेट्या चार फूट आत सरकवायला पैसे लागत नाहीत.

काही ठिकाणी दारामागच्या खिळ्याला एकच कापडी गाऊन टांगलेला असतो आणि पाळीतले सगळे तोच घालतात. तिसऱ्या माणसापर्यंत त्याची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे कळेनासे होते. असा गाऊन घालण्यापेक्षा न घातलेला बरा.

माणसांइतकेच वस्तूंकडे लक्ष हवे. बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि बेडपॅन त्या खोलीचे स्वतंत्र असावेत आणि रुग्ण घरी जाईपर्यंत खोलीतच राहावेत. कापडी बीपीचा पट्टा पुसून साफ होत नाही. पुसता येईल असा घ्यावा. ग्लुकोमीटर आणि ईसीजीच्या तारा बाहेर आणायच्याच असतील तर दारातच पुसून. खोलीत एका वेळी दोन दिवसांपेक्षा जास्त सामान नेऊन ठेवू नये. कापसाचे गठ्ठे आणि सिरिंजचे खोके आत नेले की रुग्ण गेल्यावर उरलेले फेकून तरी द्यावे लागते, नाहीतर ‘बंदच तर आहे’ म्हणत स्टोअरला परत जाते. एक्स-रेला किंवा सीटीला न्यायचे असेल तर आधी फोन करून कळवावे आणि शक्यतो दिवसातला शेवटचा नंबर घ्यावा. जखम झाकलेली, पिशवी रिकामी केलेली, रुग्णाचे स्वतःचे हात स्वच्छ आणि अंगावर धुतलेली चादर. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनी खोलीतले मोजे काढून निघावे. तेच मोजे घालून लिफ्टचे बटण दाबले की बटणाला दिवसभरात किती बोटे लागतात हे मोजत बसायला नको.

आता सफाई. सोडियम हायपोक्लोराइट, वॉर्डाच्या भाषेत हायपो, हे स्वस्त आणि चांगले औषध आहे, पण बहुतेक ठिकाणी ते अंदाजाने ओतले जाते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १०० मिलि हायपो आणि ४ लिटर ९०० मिलि पाणी मिळून ५ लिटर ०.१ टक्क्याचे द्रावण होते. पृष्ठभागांच्या रोजच्या पुसण्याला ते चालते. डिफिसिलच्या जुलाबांसाठी ०.५ टक्के लागते: १०० मिलि हायपोत ९०० मिलि पाणी. रक्त सांडले असेल तर १ टक्का, म्हणजे २०० मिलिला ८०० मिलि पाणी. बाटली १० टक्क्यांची असेल तर हायपो निम्मे घ्यायचे आणि पाणी तेवढे वाढवायचे, म्हणून आधी लेबल वाचायचे. द्रावण रोज ताजे आणि झाकणाच्या बादलीत करायचे, कारण ऊन व हवा लागली की त्याची ताकद उतरते. सकाळी उघड्यावर ठेवलेल्या बादलीला संध्याकाळी नुसता वास उरतो.

हायपो मळावर काम करत नाही. मळ, रक्त, विष्ठा त्यातले क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने पुसून मगच हायपो. लावल्यावर पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. मावशी लगेच कोरड्या फडक्याने लख्ख करतात. दिसायला छान, जंतू मात्र जिथल्या तिथे. धातूच्या वस्तूंवर ते नंतर साध्या पाण्याने पुसून काढावे, नाहीतर गंज चढतो. टॉयलेटसाठीच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. फडके प्रत्येक खाटेला वेगळे हवे आणि एकदा वापरलेले पुन्हा बादलीत बुडवायचे नाही. क्रम वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे: रेलिंग, बोलावण्याची बेल, लॉकरची मूठ, सलाइनच्या पंपाची बटणे, दिव्याचे बटण, दाराची कडी, नळ आणि सर्वांत शेवटी कमोडचा फ्लश. खाटेभोवतीच्या पडद्याची कड तर कोणाच्याच यादीत नसते, आणि ती धरतो प्रत्येक जण. डिस्चार्जनंतर फॉगिंगचा धूर सोडला की नातेवाइकांचे समाधान होते, पण पुसण्याची जागा धूर घेत नाही.

डिफिसिलचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. त्या खोलीतून बाहेर पडताना साबण-पाण्यानेच हात धुवायचे, आणि जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास खबरदारी चालू ठेवायची.

प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यायला पुण्यातल्या कुठल्याच सरकारी वॉर्डात जागा नाही, आणि हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी एकाच जंतूचे रुग्ण एका कोपऱ्यात ठेवावेत, दोन खाटांत निदान एक मीटर अंतर असावे आणि त्या कोपऱ्याला संडास वेगळा असावा. जुलाब लागलेला, वाहत्या जखमेचा, अंथरुणातच सगळे करणारा रुग्ण आधी. खोली अशा क्रमाने वाटावी. जमिनीवर पिवळ्या पट्टीने हद्द आखली तरी त्या पट्टीपाशी माणसे थबकतात आणि हँडरबची बाटली आठवते.

नातेवाइकांशी थोडे वेगळे बोलायचे आहे. आपल्याकडे अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे ही निम्मी शुश्रूषा घरचेच करतात. त्यांना पाच मिनिटे देऊन शिकवण्याऐवजी ‘हात लावू नका’ एवढेच सांगितले जाते, आणि ते कोणीच पाळत नाही. पाटी मराठीत असावी आणि तिच्यावर इतकेच लिहावे: आत जाण्याआधी व बाहेर येताना हात स्वच्छ करा, खाटेवर बसू नका, डबा आत आणू नका, खायचे बाहेर, मोबाइल बाहेरच्या माणसाकडे, दुसऱ्या रुग्णाला मदत करायला जाऊ नका. शेवटचे वाक्य मुद्दाम सांगावे लागते, कारण शेजारच्या आजींना पाणी द्यायला उठणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

उलट टोकही दिसते. रिपोर्टात जंतू आला म्हणजे रोगच झाला असे नव्हे. तो नुसता त्वचेवर किंवा आतड्यात वस्तीला असू शकतो, आणि तेव्हा अँटिबायोटिक सहसा दिले जात नाही. ‘डॉक्टर उपचारच करत नाहीत’ अशी तक्रार इथूनच निघते. १८९७ च्या प्लेगमध्ये माणसांना घरातून ओढून छावण्यांत नेल्याची आठवण या शहराने पिढ्यानपिढ्या जपली आहे. वेगळे ठेवणे म्हणजे टाकून देणे, ही भीती अजून गेलेली नाही, आणि रुग्णालयेही ती वाढवतात. राउंड दारातूनच होतो, गाऊनचा कंटाळा म्हणून दर दोन तासांनी बदलायची कूस चार तासांनी बदलली जाते आणि पाठीला जखम होते. घरी गेल्यावर ताटवाटी वेगळी करायची गरज नसते. हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे, जखम झाकणे आणि मळके कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे पुरते.

बिलात ‘पीपीई’ (गाऊन, मोजे, मास्क असे संरक्षक साहित्य) म्हणून मोठी रक्कम लागते तेव्हा वाद होतात. दारावर तक्ता लावून प्रत्येक पाळीत किती गाऊन वापरले हे लिहिले, तर वादही मिटेल आणि गाऊन खरेच घातले जातात का हेही कळेल.

शेवटची मागणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. सातारा, सोलापूर, नगरहून आणि शहरातल्याच छोट्या नर्सिंग होममधून रुग्ण मोठ्या रुग्णालयांत हलवले जातात. सोबतच्या कागदांवर औषधांची यादी असते, बिल असते, कल्चरचा रिपोर्ट मात्र क्वचित. तो आला नसेल तर निदान ‘रिपोर्ट बाकी’ एवढे तरी लिहावे. महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली खासगी रुग्णालयांची नोंदणी व तपासणी पालिका करते. त्या तपासणीत हस्तांतराच्या कागदावर ही एक ओळ आहे का, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँडरबची भरलेली बाटली आहे का आणि हायपोच्या बादलीवर आजची तारीख व टक्केवारी लिहिली आहे का, एवढे पाहावे. अर्धा तासही लागणार नाही.

— संसर्ग नियंत्रणाचे काम करणाऱ्या काही परिचारिका, पुणे