डाय (म्हणजे डाळ) किती टाकता, असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आमच्या वऱ्हाडातल्या पोट्ट्या-पोट्टींना आहार सांगायला तुमच्याआधीही माणसं येऊन गेली. एकाने छापील तक्ता वाटला. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. इथल्या आठवडी बाजारात वांगी, बरबटी अन् आंबाडी मिळते, हे बघायची त्यांना गरज वाटली नाही. दुसऱ्याने पावडरचे डबे खपवले. पावडर काही विष नाही, एका मापात २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात. पण मजुरीच्या घरातला पोरगा त्या डब्याचे पैसे दूध-अंडी बंद करून काढतो. मग डबा संपला की दोन्ही गेलं.

तुम्ही पालकांना बोलावलंत, आणि पोरांना सोडून मागे बसलेल्या आयांकडे वळलात. "मावशी, डाय किती टाकता अन् जेवणारे किती?" एवढंच विचारलंत, आणि उत्तर येईपर्यंत थांबलात. घाई नाही, मधेच शिकवणं नाही. "पाव किलो, सहा जणं," असं कोणी तरी हळूच म्हणालं, तेव्हा हिशेब तिच्याच तोंडून करून घेतलात: माणशी दिवसाला चाळीसेक ग्रॅम डाळ, म्हणजे प्रथिनं ९ ग्रॅम. तक्तेवाले दोन वाट्या वरणाला ४० ग्रॅम प्रथिनं धरून मोकळे झाले होते. तुरीतले २२ ग्रॅम हे १०० ग्रॅम कोरड्या डाळीतले. वाटीभर वरणात कोरडी डाळ २५-३० ग्रॅमच असते, बाकी पाणी. चूक साधी आहे, पण तिच्यावर वर्षभराची मेहनत वाया जाते.

त्यापुढचं सगळं इथल्याच स्वयंपाकघरातून निघालं. साठ किलोच्या, रोज पळणाऱ्या मुलाला किलोमागे १.४ ग्रॅम धरलं तर दिवसाला ८४ ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या चार भाकरी (२४० ग्रॅम पीठ) २४ ग्रॅम देतात, ६० ग्रॅम डाळ १३, सोयाबीन वड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५, दोन अंडी १२, दीड पेला दूध किंवा दही ९-१०, मूठभर फुटाणे ८. ऐंशीच्या वर जातंच. अंडं चालत नसेल त्या घरी वड्या पंचवीसेक ग्रॅम वाढवायच्या. भाकरीत लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी, डाळीत भरपूर, म्हणून दोन्ही ताटात हवीत.

सोयाबीनबद्दल तर तुम्ही बरं बोललात. आपल्या शेतात पिकतं, पोतं बाजार समितीत जातं, घरी दाणा राहत नाही. दळणात किलोमागे १०० ग्रॅम घातलं की ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं वाढतात, पण कच्चं दळायचं नाही. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो आणि पोट बिघडतं. उकळून, वाळवून, भाजून मगच गिरणीत. आणि पंधरा दिवसांपुरतंच, नाहीतर पीठ खवट होतं.

तेलाचं मोजमाप आम्हाला सर्वांत आवडलं. पळ्या मोजायच्या नाहीत. महिन्याला आणलेलं तेल माणसांनी आणि दिवसांनी भागायचं. सहा किलो, पाच माणसं, तीस दिवस: माणशी ४० ग्रॅम, म्हणजे ३६० कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर आधी तर्रीला हात लावायचा, भाकरीला नाही. भाकर बंद केली की आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात खरे, पण त्यात बरंचसं पाणी असतं. स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी बाहेर जातं. मग १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत पाय शिशाचे होतात, आणि प्रशिक्षक ओरडतो की मेहनत कमी पडते.

मुलींना जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे, असं सांगितलंत. चहा लोह शोषू देत नाही. जेवणात लिंबू पिळायचं, मोसमात संत्रं खायचं. देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बाया रक्तक्षयाच्या आहेत, तरी ८०० मीटरला धाप लागणाऱ्या पोरीला "आळशी" म्हणणारे आम्ही पाहिलेत. तुम्ही आधी तिचं हिमोग्लोबिन तपासायला लावलंत.

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात, ताई. रांधणाऱ्या बाईला अक्कल आहे असं धरून बोलणारी कमी. अशा माणसाला गाव विसरत नाही, आणि विसरूही नये.

सोबत जवसाची चटणी पाठवतो आहोत. मीठ बेतानेच घातलंय. मे महिन्यात नवी पोरं येतील, तेव्हा पळण्याआधी आणि नंतर वजन करून घाम मोजायचं तुम्ही म्हणाला होतात. वजनकाटा आणून ठेवला आहे.

आपले,
मैदानावरची पोरं-पोरी, त्यांच्या आया आणि शिकवणारे