मुक्ताला, ग्योटिंगेनला

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. रात्री साडेअकराला लॅबमध्ये एकटीच रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनचा ईथरने अर्क काढत होते असं सहज बोलून गेलीस आणि माझा आवाज चढला. चुकलंच माझं. आता ईथरचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

बाबांची स्टेरॉइडची गोळी, प्रेडनिसोलोन, ५ मिलिग्रॅमवर आली. ‘बरं वाटतंय, बंद करतो’ म्हणत होते. इतके महिने स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यावर ते शरीरात बनवणारी अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथी झोपलेली असते, गोळी एकदम तोडली तर ती लगेच उठत नाही, हे मी सांगून पटलं नाही. तू सांग. तुझं ऐकतात.

तुझी रिकव्हरी, म्हणजे अर्क काढून शेवटी हाती उरणारं टेस्टोस्टेरॉन, साठ टक्क्यांवर अडकली आहे म्हणालीस. ती मोजायला ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, लावलेलं टेस्टोस्टेरॉन, नळीमागे हजारेक काउंट, तू अर्क काढण्याआधी सीरममध्येच घालतेस ना? घातल्यावर अर्धा तास थांब. सीरममधल्या बंधक प्रथिनांशी त्याचा समतोल साधला नाही, तर रिकव्हरीचा आकडा खऱ्या संप्रेरकाबद्दल काहीच सांगत नाही. मग १ मिली सीरमला ५ मिली ईथर, दोन मिनिटं व्हॉर्टेक्सवर घुसळणं, थर वेगळे होईपर्यंत नळी उभी. ड्राय आइस आणि ॲसिटोनमध्ये बुडवली की खालचं पाणी गोठतं आणि वरचं ईथर सरळ ओतून घेता येतं. पुरतं गोठायच्या आत ओतलंस तर प्रथिनंही सोबत येतात. नायट्रोजनच्या झोताखाली वाळवल्यावर नळीच्या भिंती थोड्या ईथरने धुऊन पुन्हा वाळव. बरंचसं टेस्टोस्टेरॉन तळाशी नसतं, भिंतीवर बसलेलं असतं, आणि तुझे टक्के बहुधा तिथेच जात असावेत. विरघळवताना बफरमध्ये ०.१ टक्का जिलेटिन हवंच, नुसत्या बफरमधून ते काचेला चिकटतं. आणि सीरमऐवजी पाणी घेतलेली एक नळी प्रत्येक खेपेला लाव. त्या नळीत टेस्टोस्टेरॉनचा आकडा दिसला तर दोष बहुधा ईथरचा.

आलंच बघ ईथर. ट्रिशियमची मला भीती नाही, त्याचा बीटा कण कातडीचा मेलेला थरसुद्धा भेदत नाही. भीती ईथरचीच. उघडल्यावर हवा आणि उजेड लागून त्यात पेरॉक्साइड साठतं, आणि ईथर उडून कोरडं होत आलं की तेच गाळात एकवटतं आणि स्फोट होऊ शकतो. तू दिवसभर करतेस ते वाळवणंच आहे. बाटली उघडल्याची तारीख लिही, वापरण्याआधी पेरॉक्साइड तपासायची पट्टी बुडवून बघ, उरलेलं घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नकोस, त्याच्या थर्मोस्टॅटची एक ठिणगी पुरते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरकत लांबच्या हॉटप्लेटपर्यंत जाते. फ्यूम हूड चालू ठेव. आणि दिवसा कर गं, खोलीत दुसरं कुणी असताना.

पुन्हा प्रवचन झालं. क्षमा कर.

चौथीत होतीस. आजीच्या रांगोळीच्या ठिपक्यांवर कोलेस्टेरॉल काढायला बसली होतीस. तीन षटकोन बसले, चौथ्या कड्याचा पंचकोन ठिपक्यांवर बसेना. रागावून सगळं पुसलंस, मग ठिपकेच नको म्हणून हाताने काढलंस आणि सत्तावीस कार्बन मोजून दाखवलेस. आजी कुणाला अंगणात पाय ठेवू देईना. आता त्याच कोलेस्टेरॉलच्या गावात, ग्योटिंगेनला, आहेस. रसायनशास्त्रज्ञ विंडाऊसना स्टेरॉलवरच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या रेणूंवरच्या, कामाचं नोबेल १९२८ साली तिथे असतानाच मिळालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी बुटेनांट यांनी इस्ट्रोन या स्त्री-संप्रेरकाचे स्फटिक काढले. १९३१ मध्ये सुमारे १५,००० लिटर मूत्रातून त्यांच्या हाती लागलं १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन, एक पुरुष-संप्रेरक. हे वाचताना मला नेहमी वाटतं, केवढं ईथर, केवढं बेंझिन गेलं असेल! पण बुटेनांट एकटे नव्हते, एरिका फॉन त्सीगनर सोबत होत्या. सोबतीचं मी म्हणते ते एवढंच.

एक करिअरचं. स्त्रियांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या भागाइतकं. तिथे प्रतिपिंडांवरच्या चाचण्या, तुझी रेडिओइम्युनोॲसेसुद्धा, फसतात, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या जवळच्या संप्रेरकालाही टेस्टोस्टेरॉन समजून बसतात. तुझ्या संशोधनाचा प्रश्न स्त्रियांचाच आहे, तेव्हा रेणू वजनावरून ओळखणारी मास स्पेक्ट्रोमेट्री आत्ताच शीक. सुरुवातीलाच ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, लावलेलं टेस्टोस्टेरॉन मानक म्हणून घातलंस तर वाटेतली गळती त्याच्या गुणोत्तरातून कळते. रेडिओइम्युनोॲसे सोडू नकोस, पण त्यावर तीन वर्षं बेतू नकोस. गाईडना हे मी सांगणं बरं दिसणार नाही. तू विचारलंस तर ते ऐकतील, प्रश्न विचारायला तू कधी घाबरली नाहीस.

मेतकूट आणि कुळीथपीठ माईआत्या येताना आणेल. हिरवी शाल तुझ्याच बॅगेत आहे, तळाशी, शोध.

बाटलीवर तारीख लिहिलीस की फोटो पाठव. आणि रात्री लॅबमधून निघालीस की ‘निघाले’ एवढंच टाक. इथे पहाट होत आली असली तरी मी जागीच असते.

तुझी,
आई