कोलारच्या ढिगाऱ्यांवर पुन्हा सायनाइड नको

महोदय,

कोलारच्या बंद सोनेखाणींबाहेर साठलेल्या तेरा टाकाऊ ढिगाऱ्यांतून उरलेसुरले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये संमती दिली. सुमारे हजार एकरांवर पसरलेला, तीन कोटी टनांहून अधिक असलेला हा माल आधीच खणून दळलेला असल्याने त्यात टनामागे ग्रॅमभरही सोने नसले तरी ते काढणे आज परवडू शकते. खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. ढिगाऱ्यांची बारीक धूळ मात्र वारा सुटला की आजही वस्त्यांमध्ये शिरते. हे काम व्हायलाच हवे. माझा आग्रह आहे तो सोने कशात विरघळवायचे, याविषयी: विषारी सायनाइडच्या द्रावणात नको.

रोमानियातील बाया मारे येथेही जुनाच गाळ सायनाइडने पुन्हा धुतला जात होता. 30 जानेवारी 2000 रोजी तेथील बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी नद्यांत गेले आणि तिसा नदीत मेलेल्या माशांचा खच पडला.

पर्याय आहेत. छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीत ‘हायपो’ म्हणून वापरले जाणारे थायोसल्फेट अमेरिकेतील नेवाडाच्या गोल्डस्ट्राइक खाणीत 2014 मध्ये मोठ्या प्रमाणावर वापरात आले. ते सायनाइडइतके घातक नाही; पण ते खर्च फार होते आणि त्यात विरघळलेले सोने नेहमीप्रमाणे कोळशावर बसत नसल्याने ते धरून ठेवायला रेझिन (कृत्रिम राळ) वापरावे लागते. ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीतील ग्लायसिन हे तर प्रथिनांतले साधे अमिनो आम्ल. ते उडून जात नाही, पुन्हा वापरता येते. मात्र एकटे फार संथ चालते, म्हणून बरेचदा त्याला थोड्या सायनाइडची जोड देतात. तेवढ्याने सायनाइडचा खप बराच घटतो, हेही मी मोलाचे मानतो.

कोणते द्रावण चालेल हे कागदावर ठरत नाही. प्रत्येक ढिगाऱ्याच्या वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन, त्यांतील तांबे आणि गंधकयुक्त खनिजे तपासून, तिन्ही द्रावणांच्या चाचण्या शेजारी शेजारी घ्याव्या लागतील. खाण आराखडे तपासणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. ब्युरोने या चाचण्यांचे निष्कर्ष मंजुरीपूर्वी जाहीर करावेत, आणि धुतलेला गाळ शेवटी कोठे व कशाखाली ठेवणार, हे ठेकेदाराकडून आधीच लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त खाण अभियंता, नागपूर