आईच्या चेहऱ्याविषयी

वडगाव शेरी, पुणे
रविवार, दुपार

प्रिय आई आणि बाबा,

तुम्हा दोघांना प्रभूच्या नावाने सप्रेम सलाम.

मुलांनी आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सर्वांसमोर कबूल करायचा त्या दृढीकरणाच्या उपासनेसाठी तुम्ही येऊन गेलात, त्याला आज तीन आठवडे झाले. फोनवर आपण रोज बोलतो, तरीही हे पत्र लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचे आहे ते फोनवर काढले की आई विषय बदलते आणि बोलणे बाबांच्या गोळ्यांवर येऊन संपते.

त्या दिवशी उपासना झाल्यावर देवळाच्या आवारात सगळे कुटुंब फोटोसाठी उभे राहिले, तेव्हा आई, तू पदर ओढून बाजूला झालीस आणि म्हणालीस, "आता या सुरकुत्यांचा फोटो कशाला? तुम्ही उभे राहा." आम्ही पुष्कळ आग्रह केला, पण तू आली नाहीस. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवताना बाबा मला हळूच म्हणाले, की तू हल्ली महिला मंडळालाही जात नाहीस आणि आरसा कपाटाच्या आत लावून घेतला आहेस. त्या रात्री तुझ्या नातीने विचारले, "आजीला म्हातारी झाल्याची लाज वाटते का?" ती सोळा वर्षांची आहे. तिच्या फोनचा कॅमेरा तिचा चेहरा आपोआप उजळ आणि गुळगुळीत करून दाखवतो, आणि तोच आपला खरा चेहरा असावा असे तिला वाटू लागले आहे. तिच्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

म्हातारपण सुंदरच असते, असे म्हणून मी तुझी समजूत काढणार नाही, कारण पवित्र शास्त्रही तसे म्हणत नाही. शास्त्रातल्या उपदेशक या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात दळणाऱ्या थोड्या उरल्यामुळे थांबतात, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसू लागते, बदामाचे झाड पांढरे फुलते. दात, डोळे आणि केस यांचे ते वर्णन लहानपणी तूच मला उलगडून सांगितले होतेस. देह थकतो हे शास्त्र झाकून ठेवत नाही. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एकाच वाक्यात दोन्ही सांगितले आहे, की बाहेरचा माणूस झिजत आहे आणि आतला दिवसेंदिवस नवा होत आहे. मला त्यातला "दिवसेंदिवस" हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण ज्या दिवशी देह थोडा झिजतो, त्याच दिवशी आतले काम थोडे पुढे गेलेले असते.

प्रभूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातले ते वचन, केसांचे गुंफणे आणि सोन्याचे दागिने ही खरी शोभा नव्हे, सौम्य व शांत आत्मा ही देवाच्या दृष्टीने मौल्यवान शोभा आहे, हे आपल्या घरात कितीदा वाचले गेले असेल! मला मात्र ते तरुणपणी आवडत नसे, कारण मोठ्याने बोलणाऱ्या मुलींना गप्प बसवण्यासाठी ते वापरलेले मी ऐकले होते. आता वाटते, की तो त्या वचनावरचा अन्याय होता. पेत्राने तिथे जो "सौम्य" शब्द वापरला आहे, तोच मूळ ग्रीक शब्द मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशूने स्वतःविषयी वापरला आहे, आणि प्रभू काही गप्प राहणारा नव्हता. पेत्राने दागिने पापच ठरवले, असेही मला वाटत नाही, कारण त्याच वाक्यात तो वस्त्रांविषयीही बोलतो आणि वस्त्रे टाकून द्या असे कोणी म्हणणार नाही. तुला केसांना कलप लावायचा असेल तर खुशाल लाव. आणखी एक गोष्ट माझ्या मनात नेहमी येते. हे लिहिणारा पेत्र विवाहित होता आणि त्याची पत्नी त्याच्याबरोबर प्रवास करीत असे, हे पौलाच्या लिहिण्यावरून कळते. न सुकणाऱ्या शोभेविषयी लिहिताना शेजारी वाटचाल करून थकलेला एक ओळखीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे असेल, असे मला वाटते.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र काकूची खोली येते. वाटणीत बांधावरून भांडण झाले आणि काकू बारा वर्षे आपल्याशी बोलली नाही. नाताळचा फराळ तू पाठवायचीस आणि डबा तसाच परत यायचा. मग तिला पक्षाघात झाला. तिच्या सुना गावी टिकल्या नाहीत, आणि तू काही न बोलता रोज सकाळी तिच्या घरी जाऊ लागलीस. मी एकदा सुट्टीत आले होते, तेव्हा दारातून पाहिले: तू तिला भिंतीला टेकवून बसवले होतेस, खोबरेल तेल लावून तिचा गुंता सोडवत होतीस आणि तिची वेणी घालत होतीस. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि तू म्हणत होतीस, "हलू नकोस गं, भांग वाकडा होईल." त्या वेळी तू साठीची होतीस, केस विस्कटलेले, कपाळावर घाम. तुझ्या लग्नाचा फोटो मी शेकडो वेळा पाहिला आहे, बाबांना तो किती प्रिय आहे हेही मला ठाऊक आहे, पण त्या सकाळइतकी सुंदर तू मला कधीच दिसली नाहीस. बारा वर्षांचा राग जिच्या मनातून निघून गेला होता, तिचा तो चेहरा होता. पंचविशीत तू अशी नव्हतीस, हे तूच सांगतेस. तो चेहरा व्हायला प्रभूला इतकी वर्षे लागली.

गेल्या शनिवारी मी तुझ्या नातीला घेऊन लोकलने केडगावला, पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये गेले होते. रमाबाईंच्या उतारवयातल्या छायाचित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. पांढरी साडी, कापलेले केस, अंगावर सोन्याचा मणी नाही. मी तिला सांगितले, की या बाईंना तरुणपणापासूनच कमी ऐकू येत असे आणि त्यामुळे इंग्लंडला जाऊनही त्यांचे वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न अपुरे राहिले. तरी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी हातातले काम त्यांनी सोडले नाही, आणि 5 एप्रिल 1922 रोजी, 63 वर्षांच्या असताना, त्या प्रभूकडे गेल्या. परतीच्या लोकलमध्ये पोर गप्प होती. उरुळीच्या पुढे म्हणाली, "त्यांचे डोळे आजीसारखे आहेत."

आई, तीताच्या पत्रात वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावे असे म्हटले आहे, आणि ते शिकवणे पदराआडून होणारे नाही. यरुशलेमच्या मंदिरात बाळ येशूला पाहणाऱ्या वृद्ध हन्नाचे वय लूकने आपल्या शुभवर्तमानात नोंदवले, रूप नोंदवले नाही, पण मरियेने आपले बाळ घेऊन जाऊन उभे राहावे, असे ते म्हातारपण होते. आमच्या मंडळीत यंदा दृढीकरण झालेल्या मुलींची पुढच्या महिन्यात तिसऱ्या शनिवारी प्रार्थनासभा आहे. पाळकसाहेबांच्या पत्नीने विचारले, की तुमच्या आई येतील का, त्यांना क्षमेविषयी बोलायला सांगा. मी तुला न विचारता हो म्हटले आहे. काकूविषयी सांगायचे की नाही, ते तू ठरव.

बाबा, तुम्ही तिला शुक्रवारीच घेऊन या, म्हणजे प्रवासाचा शीण उतरेल. येताना तो आरसा कपाटाबाहेर काढून पूर्वीच्या खिळ्याला लावून या. आणि आई, ती निळ्या काठांची साडी आण. आवारातला तो फोटो आम्ही अजून कोणालाही पाठवलेला नाही. नात म्हणते, आजी मध्ये उभी राहील तेव्हा पुन्हा काढू.

तुमची लेक