भाकरीचा पापुद्रा

गावभाग, सांगली
१८ जानेवारी

प्रिय शालन,

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात हळदीकुंकवाच्या बायका बसल्या होत्या. तू बोलत होतीस आणि मी नुसतं हं हं करत होते, ते तुला तुटक वाटलं असेल. पण तुझं एक वाक्य ऐकून माझ्या पोटात धस्स झालं. ‘सोमवारपासून भाकरी बंद, भात बंद, गोळ्या आहेत तशाच चालू,’ असं म्हणालीस ना, ते. रात्री झोप लागेना, म्हणून वही घेऊन बसले. फोनवर निम्मं राहून जातं, आणि यातलं एक तरी राहून चालणार नाही.

तेच आधी लिहिते. तुझ्या चिठ्ठीवर डायबेटीसच्या दोन गोळ्या आहेत म्हणालीस. एक मेटफॉर्मिन, ती मला माहीत आहे. दुसरीचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं नाव असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ताटातली भाकरी काढू नकोस. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तू जेवलीस की उपाशी आहेस, हे तिला कळत नाही, आणि भाकरी नसली की रक्तातली साखर फार खाली जाऊ शकते. आणि नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल, तर वेगळी काळजी. ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते; तिच्याबरोबर एकदम सगळं पिष्ट, म्हणजे भाकरी-भात, बंद केलं तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. उलट्या, पोटात दुखणं, धाप, असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. गेल्या श्रावणातली संकष्टी आठवली की अजून हात गार पडतात. भाकरी सोडून पाचवा दिवस होता. सकाळी नेहमीसारखी गोळी घेतली. साबुदाणाही आता वर्ज्य, म्हणून ताक आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यावरच होते. चारच्या सुमाराला गणपतीच्या देवळात गेले. रांगेत उभी असताना आधी घाम सुटला, मग हात थरथरायला लागले, आणि मग समोरच्या बाईचं बोलणं ऐकू येतंय पण कळत नाही असं झालं. कशीबशी बाहेर येऊन पायरीवर टेकले. तिथल्या हार विकणाऱ्या मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोराला चहाच्या गाड्यावर पिटाळलं. मूठभर साखर पाण्यात ढवळून माझ्या तोंडाला लावली. उपवास आहे म्हणून मी मान फिरवली, तर म्हणाल्या, ‘पी बाई, देवाला कळतंय.’ त्यांच्या नवऱ्याला साखर होती, त्यांनी हे आधी पाहिलेलं होतं. घरी येऊन मोजली तेव्हा ८१ होती. पायरीवर किती होती कोण जाणे. ७० च्या खाली गेली की धोका धरायचा, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आणि ग्लिमेपिराइड बंद केली. आता पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा घ्यायची. तुझ्या सुनेलाही हे सांगून ठेव. आपल्याला त्या वेळी सुचत नाही.

आता बाकीचं सावकाश.

माझी साखर कळली २०१९ च्या महापुरानंतर. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग बुडाला, आणि आम्ही विश्रामबागला नणंदेकडे वीस दिवस काढले. ह्यांची हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या कोठारांत, होती, ती गेली. त्या काळजीत माझी तहान आणि पायाचे गोळे कोण बघतंय? घर धुऊन काढल्यावर तपासलं तर उपाशीपोटी १९०. गोळ्या सुरू झाल्या. मी चहातली साखर सोडली, पेढे-जिलेबी सोडली, आणि आपण पथ्य पाळतोय अशा समजुतीत पाच-सहा वर्षं गेली. गेल्या जुलैत तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीए१सी गं, ९.४ आलं. मी डॉक्टरांना शपथेवर सांगत होते की मी गोड खातच नाही. त्यांनी विचारलं, ‘भाकऱ्या किती?’

शालन, आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारतं का? जेवलीस का म्हणायच्या ऐवजी आपण ‘भाकरी खाल्ली का’ म्हणतो. भाजी, आमटी, चटणी ही सगळी कोरड्यास, भाकरीला लावून खायची. ताटाची मालकीण भाकरी. मला वाटायचं, ज्वारी आहे, गव्हापेक्षा बरी, डायबेटीसला चांगलीच. आहारतज्ज्ञ मुलीने मला वजनकाटा आणायला लावला. आपली काठवटीतली एक भाकरी, हातभर पसरलेली, ८० ग्रॅम पिठाची निघाली. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कार्ब, म्हणजे ज्याची पोटात साखर होते ते पिष्ट, असतात. म्हणजे एका भाकरीत ५५ धर. मी दोन वेळच्या मिळून चार खात होते. भात वेगळा, संध्याकाळचा भडंग वेगळा. ज्वारीत तंतू असतात, त्यामुळे साखर थोडी हळू चढते हे खरं, पण चढते ना. बाजरी, गहू, नाचणी, सगळ्यांचं थोड्या फरकाने तेच. ज्वारी वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यावर आपली हाडं पोसली आहेत. पण आपली आई शेतात दिवसभर वाकून चार भाकऱ्या जिरवत होती, आणि मी दुपारी पंख्याखाली आडवी होत होते.

मग मी तुझ्यासारखंच केलं. एका दिवसात सगळं बंद. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले आणि मी हरखले. नंतर कळलं की त्यात बहुतेक पाणीच होतं. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो, साठा संपला की ते पाणी जातं, मीठही जातं. म्हणून डोकं हलकं व्हायचं, पाय आखडायचे, पोट साफ व्हायचं नाही. मला बीपी नाही, तेव्हा डॉक्टरांनी ताकात मीठ घालून प्यायला सांगितलं. तुझं बीपीचं औषध चालू आहे, तू मात्र विचारून घे. साखर आणि वजन उतरलं की कधीकधी बीपीची गोळीही जास्त होते. डोळ्यांचंही सांगते. दुसऱ्या आठवड्यात अक्षरं पुसट दिसायला लागली. मी घाबरून मिरजेला डोळे दाखवले. पडदा चांगला होता. साखर झपाट्याने उतरते तेव्हा डोळ्यातल्या भिंगाची सूज बदलते, काही आठवड्यांत नजर स्थिर होते, तोवर नवा चष्मा करू नका म्हणाले. पडदा मात्र दरवर्षी तपासायचा.

शरीराचं हे सगळं निभावलं. निभावलं नाही ते स्वयंपाकघरातलं. घरातल्या सहा माणसांच्या भाकऱ्या मीच थापते. पीठ मळायचं, थापायची, तव्यावर पाणी फिरवायचं, निखाऱ्यावर टम्म फुगवायची, आणि दुसऱ्याच्या ताटात टाकायची. मला वाटायचं, भूक लागेल. भूक लागत नव्हती, अंडी आणि भाजीने पोट भरत होतं. पण हात रिकामा वाटायचा. पहिले काही दिवस तर भाजी चमच्याने खाताना मी परक्याच्या घरी जेवायला बसले आहे असंच वाटे. आणि आत्याबाई. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या, मी नवी नवरी होते तेव्हा माझा हात धरून त्यांनीच मला भाकरी थापायला शिकवली. त्यांना वाटलं मी रुसले आहे. चार लोकांत म्हणायच्या, ‘पोटाला भाकरी नाही ती बाई राबणार कशी?’ मी चिडून उत्तर दिलं की त्या गप्प बसायच्या, आणि ते गप्प बसणं मला जास्त लागायचं.

पाच-सहा आठवडे काढले. पितृपंधरवड्यात म्हाळ घातला, वीस माणसांचं केलं, आणि रात्री अकराला सगळे निजल्यावर डब्यातल्या आदल्या दिवशीच्या तीन शिळ्या भाकऱ्या ठेच्याशी उभ्या-उभ्या खाल्ल्या. खाताना रडत होते. सकाळी २३८.

तो आकडा घेऊन मी त्या आहारतज्ज्ञ मुलीकडे गेले. वाटलं, बोलेल. ती म्हणाली, ‘काकू, शून्य करा असं मी कुठे म्हटलं होतं?’ तिचं म्हणणं असं की दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कार्ब आले तरी ते कमीच धरतात. वीस-तीस ग्रॅमवर राहणारे लोकही असतात, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि सगळ्यांना जमतंच असं नाही. मी शंभरच्या आसपास ठरवलं. म्हणजे दुपारी अर्धी भाकरी, रात्री अर्धी, बाकीचे भाज्या, दही, डाळ-कडधान्यांतून येतात. एखादीला पूर्ण बंद सोपं जात असेल. मला नाही जमलं, आणि जे जमत नाही ते मी आयुष्यभर करणार कशी?

ग्लुकोमीटरने मला जे शिकवलं ते कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. जेवायच्या आधी मोजायची, पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ: २५४. अर्धी भाकरी, ताटभर मेथी, दोन अंडी: १४८. बशीभर भडंग: २३१, आणि तो तर मी पोटाला हलका म्हणून खात होते! तासगावच्या द्राक्षांचा एक घड मी मोजून बघितला नाही, धीर झाला नाही. दहा-बारा मणी खाते. बेदाणे मात्र बंद. गूळही साखरेसारखाच चढतो. पेठेतले लोक ह्यांना सांगतात, हळद-पाणी द्या, कारल्याचा रस द्या. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण ती भाजीत राहू दे. तिच्या भरवशावर गोळी सोडू नकोस.

एक कोडं तुलाही पडेल. रात्री काहीच पिष्ट खाल्लं नाही तरी सकाळी १३५-१४०. मला वाटायचं, मी झोपेत खाते की काय. पहाटे शरीर जागं होताना यकृत आपल्याकडची साखर रक्तात सोडतं, म्हणून तसं होतं. त्या आकड्यावर रडायचं नाही. आणि पायांना मुंग्या येत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते उतरू शकतं. माझं उतरलं होतं.

ताटाचं म्हणशील तर आता भाजी मोठी आणि भाकरी छोटी. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत शेंगदाण्याचं कूट घालून, चाकवत, पोकळा, दोडका, दुधी. शेंगदाण्याचा म्हाद्या आठवड्यातून दोनदा. झुणका करते, पण बेसनातही कार्ब निम्म्याहून जास्त असतात, तेव्हा वाटीभरच. रविवारी मटण, रस्सा पिते, भात घेत नाही. आधी भाजी आणि अंडं संपवते, भाकरीला शेवटी हात लावते. त्याने आकडा खाली राहतो हे मी मोजून बघितलं आहे. जेवण झालं की हे आणि मी सरकारी घाटापर्यंत चालत जातो. वीस मिनिटंच. पण चालताना पायाचे स्नायू साखर ओढून घेतात, आणि लग्नाला तीस वर्षं झाल्यावर आम्ही आता कुठे रोज बोलायला लागलो आहोत. तुझी किडनीची तपासणी झाली नसेल तर मटण-अंडी वाढवण्याआधी करून घे. ऑक्टोबरात माझं एचबीए१सी ७.६ आलं, गेल्या आठवड्यात ६.९.

भोगीला काय झालं ते सांगते आणि थांबते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. मी थापत होते, आत्याबाई चुलीपुढे पाट घेऊन भाजत होत्या. कंबर धरते म्हणून हल्ली त्या बसत नाहीत, त्या दिवशी बसल्या. एक भाकरी चांगली टम्म फुगली. त्यांनी ती ताटलीत घेतली, बोटं भाजत असताना वरचा पापुद्रा अलगद सोडवला, कागदासारखा अख्खा निघाला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि माझ्यापुढे सारला. खालचा जाड भाग आपल्या ताटात घेतला. ‘ह्यात पीठ कमी असतंय,’ म्हणाल्या, ‘मी बघितलंय.’ त्यांनी कधी बघितलं, कोणाला विचारलं, मला माहीत नाही. तेव्हापासून रोज दुपारी पापुद्रा माझा, बूड त्यांचं.

हुरडा अजून आहे, फेब्रुवारीत ये. तूही मूठभर खा, दोघी मोजून बघू. येताना फाइल आण. पण त्याच्या आधी, पत्र मिळाल्या दिवशीच, त्या दुसऱ्या गोळीचं नाव मला कळव. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत भाकरी खात राहा.

तुझी,
विमल